क्लिफ बर्टन

क्लिफर्ड ली बर्टन ऊर्फ क्लिफ बर्टन (१० फेब्रुवारी १९६२ – २७ सप्टेंबर १९८६) हे अमेरिकन बेस गिटारवादक व संगीतरचनाकार होते. थ्रॅश मेटल या संगीतप्रकारातील अग्रगण्य बँड मेटॅलिका याचे ते १९८२ च्या अखेरीपासून मृत्यूपर्यंत बेसवादक होते. जेमतेम पावणेचार वर्षांच्या या सहवासात त्यांनी बँडच्या पहिल्या तीन अल्बमांत वादन केले. वयाच्या २४ व्या वर्षी स्वीडनमध्ये झालेल्या बस अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

बेस गिटार हे रॉक संगीतात सहसा मागे राहणारे वाद्य आहे. त्याचे काम खर्जातले स्वर धरून ठेवण्याचे आणि ड्रमच्या साथीने लयीचा पाया घालण्याचे. श्रोत्याचे लक्ष वेधून घेण्याचा मान गिटारवादकाचा आणि गायकाचा. बर्टन यांनी ही वाटणी मानली नाही. विलक्षण वेगासाठी आणि कर्कशपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या संगीतात स्वरसंवादाची, म्हणजे हार्मनीची, शास्त्रशुद्ध जाण आणणारे वादक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते.

== बालपण ==

बर्टन यांचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील कॅस्ट्रो व्हॅली येथे झाला. हे गाव सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेस, अलामेडा काउंटीत आहे. वडील रे बर्टन हे महामार्ग विभागात सहायक अभियंता होते, तर आई जॅन या विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षिका होत्या. स्कॉट, कॉनी आणि क्लिफ या तीन भावंडांत क्लिफ सर्वांत धाकटे. घरात कोणी व्यावसायिक संगीतकार नव्हते, परंतु वडिलांना अभिजात पाश्चात्त्य संगीताची आवड होती. वयाच्या सहाव्या वर्षी क्लिफ पियानो शिकू लागले.

१९७५ मध्ये थोरला भाऊ स्कॉट याचा मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने अकाली मृत्यू झाला. क्लिफ तेव्हा तेरा वर्षांचे होते. या घटनेनंतर त्यांनी बेस गिटार गंभीरपणे हाती घेतली आणि भावासाठी आपण उत्तम बेसवादक होणार, असा मनोदय घरी बोलून दाखवला, असे कुटुंबीयांनी पुढे सांगितले. दिवसाला सहा सहा तास रियाज करण्याची त्यांची सवय याच काळातली आणि मेटॅलिकात प्रसिद्धी मिळाल्यानंतरही ती सुटली नाही.

१९७८ ते १९८० या काळात त्यांनी स्टीव्ह डोहर्टी या शिक्षकांकडे बेसचे पद्धतशीर शिक्षण घेतले. तेथे त्यांना जॅझची आणि बारोक काळातील संगीताची, विशेषतः योहान सेबास्टियन बाख यांच्या रचनांची गोडी लागली. बाख यांचे सुरावटींच्या एकमेकींत गुंफलेल्या पेडांचे तंत्र त्यांनी बेसवर घासून घासून बसवले. ब्लॅक सॅबथचे गीझर बटलर, रशचे गेडी ली, थिन लिझीचे फिल लिनट, मोटरहेडचे लेमी आणि जॅझवादक स्टॅन्ली क्लार्क या बेसवादकांचा प्रभाव त्यांच्यावर होता.

== आरंभीचे बँड ==

कॅस्ट्रो व्हॅली हायस्कूलमध्ये शिकत असताना बर्टन ईझी स्ट्रीट या बँडमध्ये वाजवू लागले. या बँडमधील दोन मित्र, गिटारवादक जिम मार्टिन आणि ड्रमवादक माइक बॉर्डिन, पुढे फेथ नो मोर या बँडमुळे प्रसिद्ध झाले. एकाच परिसरातील शाळकरी मुलांच्या एका हौशी बँडमधून असे तिघे जण निघावेत, हा योगायोग दुर्मीळच म्हटला पाहिजे. हेवर्ड येथील शॅबो कॉलेजात बर्टन व मार्टिन यांनी एजंट्स ऑफ मिसफॉर्च्यून हा आणखी एक बँड चालवला. त्या काळातील वादनाच्या उपलब्ध ध्वनिचित्रणात, पुढे मेटॅलिकाच्या अल्बमांत दिसलेल्या काही सुरावटी कच्च्या रूपात ऐकू येतात.

संगीतच व्यवसाय म्हणून करायचे हे ठरल्यावर आईवडिलांनी त्यांना चार वर्षांची मुदत दिली. या काळात राहण्या-जेवणाचा खर्च घर पाहील. मुदतीअखेर काही ठोस प्रगती दिसली नाही, तर पोटापाण्यासाठी दुसरे काम शोधावे, असा हा व्यवहार होता. पगारदार मध्यमवर्गीय घराने मुलाच्या बेभरवशाच्या क्षेत्रावर असा विश्वास टाकणे त्या काळच्या अमेरिकेतही सरसकट घडणारी गोष्ट नव्हती. बर्टन यांना ती मुदत पुरी वापरावी लागली नाही.

१९८२ मध्ये ते ट्रॉमा या बँडमध्ये दाखल झाले. ट्रॉमाचे 'सच अ शेम' हे गाणे 'मेटल मॅसकर २' या संकलन-अल्बममध्ये समाविष्ट झाले.

== मेटॅलिका ==

गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमवादक लार्स उलरिक यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे मेटॅलिकाची स्थापना केली होती. १९८२ मध्ये हे दोघे लॉस एंजेलिसमधील व्हिस्की अ गो गो या क्लबमध्ये ट्रॉमाचा कार्यक्रम पाहण्यास गेले. कार्यक्रम चालू असता त्यांच्या कानांवर एक लांबलचक, तापलेली एकल फेक पडली. ती गिटारची असावी असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात रंगमंचावर लांब केसांचा एक तरुण मान झोकून देत वाह पेडल लावलेली बेस वाजवीत होता. दोघांनी तिथल्या तिथे त्याला आपल्या बँडमध्ये घेण्याचे ठरवले.

बर्टन यांनी प्रथम नकार दिला. ट्रॉमा अधिक व्यापारी वळणाकडे झुकू लागल्यावर त्यांचे मन तेथून उडाले आणि मेटॅलिकाचे आधीचे बेसवादक रॉन मॅकगव्हनी डिसेंबर १९८२ मध्ये बाहेर पडले. तरीही बर्टन यांनी एक अट घातली. लॉस एंजेलिसला जाण्यास त्यांची तयारी नव्हती. बँडनेच सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात यावे, असे त्यांचे म्हणणे होते. एका बेसवादकासाठी संपूर्ण बँडने सुमारे सहाशे किलोमीटर दूर बिऱ्हाड हलवले. एल सेरिटो येथील कार्लसन बुलेव्हार्डवरील एका घरात हेटफील्ड व उलरिक राहू लागले आणि तेथेच सराव सुरू झाला. ५ मार्च १९८३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधील द स्टोन या क्लबमध्ये बर्टन मेटॅलिकासोबत प्रथम रंगमंचावर आले.

या स्थलांतराचे महत्त्व केवळ बँडपुरते नाही. त्या वेळी लॉस एंजेलिसवर नटव्या, केशभूषेला आणि रंगभूषेला महत्त्व देणाऱ्या बँडांचा पगडा होता. उपसागराच्या परिसरात मात्र ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट आणि हार्डकोर पंकचा वेग यांच्या संयोगातून एक राकट संगीत आकार घेत होते. तेच पुढे थ्रॅश मेटल म्हणून ओळखले गेले. एक्सोडस हा बँड तेथे आधीपासून होता. टेस्टामेंट पुढे त्याच परिसरातून आला. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ व अँथ्रॅक्स या चार बँडांना थ्रॅश मेटलचे चार आधारस्तंभ मानले जाते. त्यांपैकी मेगाडेथची स्थापना डेव्ह मस्टेन यांनी केली. मस्टेन हे मेटॅलिकाचे गिटारवादक होते आणि एप्रिल १९८३ मध्ये त्यांना बँडमधून काढण्यात आले. त्यांच्या जागी एक्सोडसमधून कर्क हॅमेट आले. बर्टन, हेटफील्ड, उलरिक व हॅमेट हा मेटॅलिकाचा चौकडीचा संच त्यानंतर बर्टन यांच्या मृत्यूपर्यंत बदलला नाही.

=== पहिला अल्बम ===

पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण मे १९८३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाले. जॉन झॅझुला यांच्या मेगाफोर्स रेकॉर्ड्सने तो २५ जुलै १९८३ रोजी प्रकाशित केला. बँडने आधी ठरवलेले शीर्षक शिवराळ असल्याने वितरकांनी ते नाकारले. त्यावर बर्टन यांनी वितरकांविषयी जो त्रागा व्यक्त केला, त्यातूनच 'किल एम ऑल' हे नाव निघाले.

या अल्बममधील '(अॅनेस्थेशिया) पुलिंग टीथ' हे पूर्णपणे बर्टन यांचे वाद्यवादन आहे. त्यात गिटार नाही. एकट्या बेसवर चाललेली ही रचना उत्तरार्धात ड्रमची सोबत घेते. प्रारंभी ध्वनिमुद्रकाच्या आवाजात हा पहिलाच प्रयत्न असल्याची उद्घोषणा ऐकू येते आणि ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. नवख्या बँडने पहिल्याच अल्बममध्ये चार मिनिटांहून अधिक वेळ बेसच्या एकल वादनाला द्यावा, हे त्या काळी धाडसाचेच होते.

=== 'राइड द लाइटनिंग' व 'मास्टर ऑफ पपेट्स' ===

दुसरा अल्बम 'राइड द लाइटनिंग' कोपनहेगन येथील स्वीट सायलेन्स स्टुडिओमध्ये फ्लेमिंग रासमुसेन यांच्या साहाय्याने मुद्रित झाला आणि २७ जुलै १९८४ रोजी प्रकाशित झाला. त्यातील आठपैकी सहा रचनांच्या श्रेयनामावलीत बर्टन यांचे नाव आहे. 'फॉर हूम द बेल टोल्स' या गाण्याच्या आरंभी ऐकू येणारी, अर्ध्या अर्ध्या स्वराने घसरत जाणारी सुरावट अनेक श्रोत्यांना गिटारची वाटते. ती बर्टन यांची बेस आहे. 'द कॉल ऑफ क्टुलू' ही जवळजवळ नऊ मिनिटांची शब्दविरहित रचना अल्बमच्या अखेरीस येते. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या लेखनाचा नाद बँडला बर्टन यांच्यामुळे लागला आणि या रचनेचे नाव त्यातूनच आले.

पहिल्या दोन अल्बमांमध्ये अवघे एक वर्ष गेले, पण त्यांच्या पोतात मोठा फरक आहे. वेग तोच राहिला. मात्र संथ सुरुवाती, दोन गिटारींच्या समांतर सुरावटी आणि एकाच रचनेत बदलत जाणारे भाव हे दुसऱ्या अल्बमपासून ठळकपणे दिसतात. या बदलाचे सारे श्रेय एकट्या बर्टन यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण हेटफील्ड हे स्वतः उच्च प्रतीचे रचनाकार होते. तथापि स्वरलेखन वाचू शकणारे आणि हार्मनीचे नियम जाणणारे बँडमध्ये प्रामुख्याने बर्टनच होते. हेटफील्ड यांनीही त्यांच्याकडून आपण हार्मनी शिकलो, हे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे.

तिसरा अल्बम 'मास्टर ऑफ पपेट्स' याच स्टुडिओमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर १९८५ या काळात मुद्रित झाला आणि ३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील 'ओरायन' ही शब्दविरहित रचना बर्टन यांच्या प्रतिभेचा सर्वोत्तम आविष्कार समजली जाते. साडेआठ मिनिटांच्या या रचनेच्या मध्यावर सगळा गलबला थांबतो आणि बेसवर एक शांत, झुलती सुरावट सुरू होते. तिच्याभोवती हळूहळू गिटारी गोळा होतात. 'डॅमेज, इन्क.' या अखेरच्या गाण्याचा धूसर प्रारंभही बेसवर वाजवलेल्या अनेक थरांचा आहे आणि तो बाख यांच्या एका भक्तिरचनेवरून सुचल्याचे मानले जाते.

चित्रफीत न काढता आणि रेडिओचे फारसे पाठबळ नसताना हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २९ व्या स्थानापर्यंत पोहोचला. मार्च ते ऑगस्ट १९८६ या काळात मेटॅलिकाने ऑझी ऑस्बोर्न यांच्या अमेरिका दौऱ्यात पूर्वार्धाचा बँड म्हणून कार्यक्रम केले आणि मोठमोठ्या सभागृहांतील श्रोतृवर्ग मिळवला. अल्बमला सुवर्ण प्रमाणपत्र मिळाले ते नोव्हेंबर १९८६ मध्ये. तोवर बर्टन हयात नव्हते.

== वादनशैली व वाद्ये ==

त्या काळचे बरेच मेटल बेसवादक वेग साधण्यासाठी पिक वापरीत. बर्टन मात्र नुसत्या बोटांनी वाजवीत आणि तरीही थ्रॅशच्या वेगात मागे पडत नसत. त्यांच्या ध्वनीचा दुसरा विशेष म्हणजे मोर्ली कंपनीचे वाह पेडल व विकृत ध्वनी देणारे फझ यांचा वापर. ही उपकरणे प्रामुख्याने गिटारसाठी वापरली जात. बेसवर ती लावली की खर्ज पातळ होतो, म्हणून बेसवादक त्यांच्या वाटेस जात नसत. बर्टन यांनी एकल वादनात त्यांचा उपयोग करून बेसला जवळजवळ मानवी कंठासारखा हुंकार दिला.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे फेरफार केलेली रिकेनबॅकर ४००१ ही बेस होती; पुढे ते एरिया कंपनीची बेस वाजवीत. या कंपनीने २०१३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या नावाचे वाद्य बाजारात आणले.

पेहरावाच्या बाबतीत ते बँडमध्ये वेगळे उठून दिसत. इतर तिघे घट्ट जीन्स घालीत असता बर्टन १९७० च्या दशकातील, पायाशी रुंद होणारी बेलबॉटम घालीत. मित्रांनी यावरून केलेली थट्टा त्यांनी कधी मनावर घेतली नाही. मिसफिट्स या पंक बँडचे ते चाहते होते आणि त्या बँडचे कवटीचे बोधचिन्ह त्यांनी दंडावर गोंदवून घेतले होते. बाख आणि मिसफिट्स यांत त्यांना विसंगती वाटत नसे.

== अपघात व मृत्यू ==

सप्टेंबर १९८६ मध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या प्रचारार्थ मेटॅलिका युरोपच्या दौऱ्यावर होता. २६ सप्टेंबर रोजी स्टॉकहोमच्या सोल्नाहालेन सभागृहात बर्टन यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. अँथ्रॅक्स हा सहभागी बँड होता. कार्यक्रम आटोपून बँड रात्री बसने कोपनहेगनकडे निघाला.

बसमधील झोपण्याच्या जागा अडचणीच्या होत्या आणि त्यांवरून सदस्यांत कुरबुर चाले. त्या रात्री जागेचा निवाडा पत्ते ओढून करण्यात आला. हॅमेट यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार बर्टन यांना इस्पिकचा एक्का आला आणि त्यांनी हॅमेट यांची, खिडकीलगतची जागा मागून घेतली. हॅमेट दुसरीकडे जाऊन झोपले. ही हकिकत बर्टन यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात येते आणि तिच्यातील नाट्यामुळे तिला दंतकथेचे रूप आले आहे. परंतु ती सांगणारा स्वतः त्या जागेवर झोपणार होता, हे विसरता येत नाही.

२७ सप्टेंबरच्या पहाटे, सात वाजण्यापूर्वी, दक्षिण स्वीडनमधील युंगब्यू नगरपालिका क्षेत्रात ड्योरार्प या गावाजवळ ई४ महामार्गावर बस घसरली, रस्त्याबाहेर गेली आणि उलटली. झोपेत असलेले बर्टन खिडकीतून बाहेर फेकले गेले आणि बस त्यांच्या अंगावर पडली. त्यांचा मृत्यू झाला. इतर तिन्ही सदस्य किरकोळ जखमांवर बचावले. बस उचलण्यासाठी आणलेल्या क्रेनची पकड निसटून ती पुन्हा खाली कोसळली, असेही काही प्रत्यक्षदर्शींच्या कथनात आढळते. मात्र सर्व कथने या मुद्द्यावर एकमेकांशी जुळत नाहीत.

अपघाताच्या कारणाविषयी तेव्हापासून वाद आहे. रस्त्यावर साचलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाच्या पातळ थरावरून चाके घसरली, असे चालकाने सांगितले. हेटफील्ड यांना हे पटले नाही. थंडीत, अंगावरच्या अपुऱ्या कपड्यांनिशी ते बर्फाचा शोध घेत त्या रस्त्याने बरेच अंतर मागे चालत गेले आणि त्यांना बर्फ दिसला नाही. घटनास्थळी आलेल्या स्थानिक छायाचित्रकारानेही रस्ता कोरडा असल्याचे सांगितले. चालक झोपी गेला असावा, असा तर्क त्यावरून अनेकांनी केला आहे. पोलिसांनी तपास केला. त्यात चालकावर दोष सिद्ध झाला नाही आणि त्याच्यावर खटला चालला नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर आढळणारी निश्चयात्मक विधाने, मग ती चालकाच्या बाजूची असोत वा विरोधी, जपून वाचावीत.

७ ऑक्टोबर १९८६ रोजी कॅस्ट्रो व्हॅली येथे अंत्यविधी झाला. त्या वेळी 'ओरायन' वाजवण्यात आले. बर्टन यांच्या पार्थिवाचे दहन करण्यात आले आणि मित्रांसोबत ते ज्या मॅक्सवेल रँच परिसरात रमत, तेथे रक्षा विखुरण्यात आली.

== मृत्यूनंतर ==

बँड मोडावा की चालू ठेवावा, हा प्रश्न उरलेल्या तिघांपुढे होता. बर्टन कुटुंबाने त्यांना पुढे जाण्यास प्रोत्साहन दिले. अपघातास महिना होतो न होतो तोच फ्लॉट्सम अँड जेट्सम या बँडचे जेसन न्यूस्टेड यांची निवड झाली. इतक्या घाईने भरलेल्या जागेत न्यूस्टेड यांना पुढे बराच काळ सहकाऱ्यांकडून जाच सोसावा लागला. बँडने शोक केला नाही, तो नव्या माणसावर काढला, असे हेटफील्ड व उलरिक यांनी पुढील काळात आपल्या परीने कबूल केले आहे. १९८८ मध्ये आलेल्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या पुढच्याच अल्बममध्ये न्यूस्टेड यांची बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्या बँडने पहिल्या अल्बममध्ये एकट्या बेसला संपूर्ण रचना बहाल केली होती, त्याच्याच चौथ्या अल्बममधून ते वाद्य नाहीसे व्हावे, हे चमत्कारिक आहे.

याच अल्बममधील 'टू लिव्ह इज टू डाय' ही सुमारे दहा मिनिटांची रचना बर्टन यांनी मागे ठेवलेल्या सुरावटींवर उभी असून तिच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. रचनेच्या मध्यात हेटफील्ड यांनी म्हटलेल्या चार ओळी सरसकट बर्टन यांच्या समजल्या जातात. त्या सर्व त्यांच्या स्वतःच्या नाहीत. पहिल्या भागाचे मूळ 'एक्सकॅलिबर' (१९८१) या चित्रपटातील संवादात आहे.

१९८७ मध्ये बँडने बर्टन यांच्या काळातील कार्यक्रमांचे 'क्लिफ एम ऑल' हे चित्रफितीचे संकलन प्रकाशित केले. त्यातील बराच भाग चाहत्यांनी केलेल्या चित्रणाचा आहे. चित्रणाचा दर्जा सुमार असला, तरी रंगमंचावरील बर्टन पाहण्याचे ते आजही प्रमुख साधन आहे.

'ओरायन' ही रचना बर्टन यांच्या हयातीत किंवा त्यांच्यानंतर वीस वर्षे मेटॅलिकाने कार्यक्रमात सलग, संपूर्ण वाजवली नव्हती. ३ जून २००६ रोजी जर्मनीतील रॉक आम रिंग महोत्सवात संपूर्ण 'मास्टर ऑफ पपेट्स' सादर करताना ती प्रथम पूर्णपणे वाजवली गेली. तेव्हा बेसवर रॉबर्ट त्रुहियो होते. 'मास्टर ऑफ पपेट्स'ची नोंद अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत केली असून असा मान मिळालेला तो पहिला मेटल अल्बम होय.

ऑक्टोबर २००६ मध्ये ड्योरार्पजवळ अपघातस्थळी एक स्मृतिशिळा बसवण्यात आली. तिच्यावर 'टू लिव्ह इज टू डाय'मधील शब्द कोरले आहेत. ४ एप्रिल २००९ रोजी मेटॅलिकाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा मुलाच्या वतीने रे बर्टन व्यासपीठावर उपस्थित होते. जोएल मॅकआयव्हर यांनी लिहिलेले बर्टन यांचे चरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याला हॅमेट यांची प्रस्तावना आहे. अलामेडा काउंटीने २०१८ मध्ये १० फेब्रुवारी हा दिवस क्लिफ बर्टन दिन म्हणून जाहीर केला. सप्टेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसोबत झालेल्या कार्यक्रमात या वाद्यवृंदाचे प्रमुख डबल बेसवादक स्कॉट पिंगेल यांनी 'पुलिंग टीथ' ही रचना आपल्या उभ्या बेसवर एकट्याने सादर केली. २०२२ मध्ये स्वीडनमधील युंगब्यू येथे बर्टन यांच्या स्मरणार्थ संग्रहालय सुरू झाले.

रे बर्टन मुलाच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षे जगले आणि वृद्धापकाळापर्यंत बँडच्या कार्यक्रमांना येत राहिले. जानेवारी २०२० मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्लिफ यांच्या वाट्याची स्वामित्वधनाची रक्कम ते कॅस्ट्रो व्हॅली हायस्कूलमध्ये संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देत असत.